दर आठव्या वर्षीचा मे

जून २०४० मधल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी शर्वी टिळेच्या फोनवर पारखेचा आकडा आला. ०.३८. कर्ज मिळायला किमान एक लागतो.

शर्वी तेव्हा सिन्नरच्या ‘मंगलदीप’ कार्यालयाच्या भोजनगृहात बसली होती. तिचे वडील मुकुंद टिळे गेली सव्वीस वर्षं या मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक होते. यंदा मुहूर्त नसल्याने ऐन जूनमध्ये कार्यालय रिकामं होतं, त्यामुळे ते स्वतः शिडीवर चढून पंखे पुसत होते.

“किती?” त्यांनी वरूनच विचारलं.

“अडतीस.”

“शंभरात?”

“एकात, पप्पा. शून्य पॉइंट अडतीस.”

मुकुंदरावांनी फडकं खांद्यावर टाकलं. “म्हणजे रुपया घालायचा आणि अडतीस पैसे उचलायचे. त्यापेक्षा रद्दी विकलेली बरी.”

“आधी खाली उतरा,” टेबलावर वाट्या मोजणारी शर्वीची आई रोहिणी म्हणाली. “वरून बोललात की आकाशवाणी झाल्यासारखं वाटतं.”

पारख येऊन नऊ वर्षं झाली होती. शिक्षणकर्ज देणाऱ्या बँकांनी मिळून एक पतमंडळ नेमलं होतं आणि पारख हे त्या मंडळाचं यंत्र. अर्जदार जी पदवी घेऊ पाहतो, ती घेतल्यावर पंधरा वर्षांत खर्च वजा जाता त्याच्या हातात काय उरेल, हे ती सांगायची आणि त्या रकमेला कर्जाने भागायची. त्यासाठी ती जुन्या पदवीधरांच्या पगाराच्या नोंदी महिन्याला महिना जोडत नेई आणि प्रत्येक माणसाचा एक धागा तयार करी. मग अर्जदाराशी जुळणारे, म्हणजे तीच पदवी, तसंच गाव, तसेच गुण असलेले काही हजार धागे निवडून त्यांची सरासरी काढी. मंडळाच्या भाषेत या धाग्यांना ‘सारखी आयुष्यं’ म्हणत. तुमच्यासारख्यांचं जे झालं, तेच तुमचं होणार, एवढंच त्यामागचं तत्त्व.

टिळ्यांच्या घरात पारखेला मोठा मान होता. शर्वीचा भाऊ प्रणित शीतगृह तंत्रज्ञान शिकला तेव्हा तिने २.६ हा आकडा दिला होता आणि कर्ज मार्च २०३७ मध्ये फिटेल असं सांगितलं होतं. ते फेब्रुवारीत फिटलं. तेव्हापासून मुकुंदराव पारखेबद्दल गावच्या जुन्या डॉक्टरबद्दल बोलावं तसं बोलत.

शर्वीला शिकायच्या होत्या फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन. पुण्यातल्या एका विद्यापीठात चार वर्षांची पदवी, त्यातलं तिसरं वर्ष लिस्बनला, एकूण खर्च एकोणीस लाख. प्रवेश परीक्षेत ती सातवी आली होती. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत कर्जमंजुरी दाखवली नाही तर जागा जाणार होती. असे विभाग एकेक करून बंद पडले होते, कारण कर्ज मिळत नव्हतं. हा राज्यातला शेवटचा होता.

हे वेड तिला कार्यालयातच लागलं होतं. तीन वर्षांपूर्वी इथे एका ब्राझिलियन मुलीचं लग्न झालं. तिच्या आईच्या कानात दुभाष्या यंत्राचा दाणा होता, पण बँड सुरू झाला आणि यंत्र गोंधळून सनईचंच भाषांतर करायला लागलं. शर्वीला फोनवर शिकलेले पोर्तुगीजचे चाळीसेक शब्द येत होते. त्या चाळीस शब्दांत तिने त्या बाईंना अंतरपाट म्हणजे काय ते समजावलं. बाई रडल्या, हसल्या, आणि जाताना म्हणाल्या की आज दिवसभरात माझ्याशी एकच माणूस बोललं.

“तुला आवडतं ते दिसतंय बाळा,” खाली उतरून मुकुंदराव म्हणाले. “पण कानात दाणा घातला की साऱ्या भाषा येतात. मग माणसाला पगार कोण देणार? पॅकेजिंगच्या पदवीचा आकडा दोन पॉइंट एक आलाय तुझा. तो घे ना.”

“ज्यांनी ही पदवी घेतली त्यांचं काय झालं, ते तरी बघू द्या मला.”

“बघ की. सारखीच निघणार.”

नियमाप्रमाणे प्रत्येक अर्जदाराला आपली सारखी आयुष्यं, नावं झाकलेल्या रूपात, बघता येत. बहुतेक जण बघत नसत. शर्वीने तीन हजार नऊशे बारा ओळी उतरवून घेतल्या आणि बुधवारी सकाळी भोजनगृहातल्याच टेबलावर बसली.

पहिल्या तासातच तिला एक गोष्ट खटकली. पगार कमी नव्हते. सुरुवात बरी होती, दोन-तीन वर्षांत वाढही चांगली होती. मग एखाद्या महिन्यात ओळ तुटायची आणि पुढे शेवटपर्यंत शून्य. पगार घटत नव्हता. पगारच नाहीसा होत होता. अशा ओळी होत्या दोन हजार सातशे चाळीस.

धागा तुटला तर काय समजायचं, यासाठी यंत्राला एक नियम दिलेला होता: माग नाही म्हणजे मिळकत नाही. वरवर तो रास्त होता. पण इतके धागे का तुटावेत?

तिने तुटण्याचे महिने मोजले. माणसं नोकरी सोडतात ती बाराही महिने. इथे तसं नव्हतं. फेब्रुवारी, मे आणि डिसेंबरमध्ये उंच मनोरे होते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर जवळजवळ कोरे. मग तिने वर्षं वेगळी केली, आणि आणखी चमत्कारिक गोष्ट दिसली. सगळ्या वर्षांत मेचा मनोरा सर्वांत उंच होता, फक्त २०००, २००८ आणि २०१६ या वर्षांत तो नव्हता. दर आठव्या वर्षी मे रिकामा.

मुकुंदराव चहाचा कप ठेवायला आले आणि तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिले.

“माझं बुकिंग कशाला काढून बसलीस?”

“हे तुमचं बुकिंग नाही, पप्पा. ही माझी सारखी आयुष्यं आहेत.”

“अगं, सव्वीस वर्षं मी हाच आलेख जगतोय. हा मे, हा फेब्रुवारी. इथे चातुर्मास, तेव्हा आपल्याकडे चिटपाखरू नसतं.” त्यांनी बोट २०१६ वर ठेवलं. “आणि हा मे मी कसा विसरेन? नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. शुक्राचा अस्त होता. जनरेटर विकून आचाऱ्यांचे पगार केले.”

शर्वीने कप बाजूला सारला. “दोन हजार आठ?”

“तेव्हा मी इथे नव्हतो. थांब.”

कार्यालयात जुन्या पंचांगांची फळी होती. पाच मिनिटांनी ते धूळ झटकत दोन पंचांगं घेऊन आले. २००८, मे-जून: शुक्रास्त. २०००, मे-जून: शुक्रास्त. आणि यंदाही तोच, म्हणून तर ते पंखे पुसत होते.

कारण आकाशात आहे आणि साधं आहे. शुक्र सूर्याभोवती तेरा फेऱ्या मारतो तेवढ्यात पृथ्वीच्या आठ होतात, जवळजवळ अचूक. त्यामुळे सूर्य, शुक्र आणि पृथ्वी दर आठ वर्षांनी त्याच महिन्यात त्याच रांगेत येतात. शुक्र सूर्याच्या पलीकडे गेला की दोनेक महिने दिसत नाही, आणि तो दिसत नसेल तेव्हा पंचांगकर्ते लग्नाचे मुहूर्त देत नाहीत. कोट्यवधी किलोमीटरांवरचा एक ग्रह पगाराच्या नोंदींत स्पष्ट उमटला होता, आणि पतमंडळातल्या एकालाही तो दिसला नव्हता, कारण त्यांच्यातल्या कुणी मंगल कार्यालय चालवलं नव्हतं.

शर्वीने दोन्ही पंचांगं पडद्याशेजारी ठेवली. “हे लग्नाचे महिने आहेत.”

मुकुंदरावांचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला. “म्हणजे लग्न झालं आणि पोरींनी नोकऱ्या सोडल्या. पारख खरंच बोलतेय मग.”

“मी कुठे सोडली?” स्वयंपाकघराच्या दारातून रोहिणीने विचारलं.

“तुझं वेगळं.”

“वेगळं काय त्यात? लग्नानंतर नऊ वर्षं एमआयडीसीत हिशेब बघितले मी. कुठल्या नावाने?”

मुकुंदराव उगाच पंचांगांवरची धूळ पुन्हा झटकू लागले.

“कॉलेजच्या कागदावर मी कल्पना निवृत्ती गडाख. कंपनीच्या कागदावर रोहिणी मुकुंद टिळे. तुम्हीच ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहिलंत. तुमच्या त्या पारखेला कोणी सांगितलं का, की ह्या दोघी एकच बाई आहेत म्हणून?”

शर्वीने आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे. सकाळपासून जे हाताला लागत नव्हतं ते पूर्ण समोर होतं.

२०२० पूर्वीच्या नोंदींना एकच सामाईक क्रमांक नव्हता. पारख त्या जोडायची नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख यांवरून. एखादं अक्षर चुकलं तर ती सांभाळून घ्यायची. पण लग्नानंतर मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, काहींचं तर पहिलंही बदललं. जुन्या नावाची बाई यंत्रासाठी संपली. नव्या नावाची बाई आकाशातून पडल्यासारखी, पदवीशिवाय, दुसऱ्याच गावात पगार घेऊ लागली. नर्सबाईंचं असं झालं नाही, कारण त्यांचा नोंदणी क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. अभियंत्यांमध्ये त्या काळी बायका कमी. परकी भाषा शिकणाऱ्यांत दहातल्या नऊ मुली, आणि त्यांना कसलाच क्रमांक नाही. आकडा कमी, म्हणून कर्ज नाही. कर्ज नाही, म्हणून नवे पदवीधर नाहीत. नवे पदवीधर नाहीत, म्हणून आकडा खोटा पाडणारं कुणी नाही.

पतमंडळाचे नाशिकचे अधिकारी सदाफुले यांनी दुपारी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

“शुक्राचा अस्त मी फाइलवर कसा लिहू, ताई?”

“तो नका लिहू. नावं लिहा.”

“नावं आहेत तुमच्याकडे?”

“नाहीत अजून.”

सदाफुले यांनी पलीकडे काही पानं उलटली. मग म्हणाले, “नियम सांगतो. दोनशे आयुष्यं आधीच्या आणि नंतरच्या नावासकट जोडून द्या. प्रत्येकीची संमती तिच्याच फोनवरून आली पाहिजे. काम चालू असो की सोडलेलं, दोन्ही चालेल, पण खरं हवं. दोनशे झाली की पारखेला ती शिकवणं आम्हाला बंधनकारक आहे. मग बाकीचे धागे ती स्वतःच शोधते. आजवर कुणी दोनशे आणलेली नाहीत.”

“कधीपर्यंत?”

“तुमची मुदत शनिवार पाचची आहे. यंत्राला तास लागतो.”

गुरुवारी पहाटे मुकुंदरावांनी गाडी काढली आणि शर्वीला घेऊन ते पुण्याला निघाले. अजून त्यांचं मत बदललेलं नव्हतं, पण २०१६ चा मे त्यांना झोपू देत नव्हता. विद्यापीठातल्या भाषा विभागाच्या प्रमुखांनी त्यांना एका निवृत्त लिपिक बाईंकडे धाडलं. शैलजाताई कानविंदे, वय अठ्ठ्याहत्तर, कोथरूड. त्यांनी कपाटातून तीन खोके काढले. आत लग्नपत्रिका होत्या, वर्षवार बांधलेल्या.

“मुली विभागाला पत्रिका पाठवायच्या,” शैलजाताई म्हणाल्या. “सर लोक पेढा खाऊन विसरायचे. मी ठेवल्या. विभागाचा वार्षिक अंक नव्या पत्त्यावर पाठवावा लागे ना.”

पत्रिकेत वधूचं पूर्ण नाव आणि वराचं पूर्ण नाव. म्हणजे जुनं नाव आणि नव्याचा पत्ता, एकाच कागदावर. शर्वीला खोक्यापुढून उठवेना. मुकुंदराव एकेक पत्रिका उलटून धंद्याच्या नजरेने बघत होते.

“ही एम्बॉसिंग महागातली आहे. आणि ही बघ, तारीख २२ मे २००८. अस्तात लग्न केलंय.”

“तिने घरच्यांना न विचारता केलं होतं,” शैलजाताई म्हणाल्या. “तिला कसला शुक्र.”

सहाशे चौदा पत्रिका निघाल्या.

शुक्रवारी भोजनगृहात पंगतीच्या टेबलांवर फोन मांडले गेले; पत्रिकांवरच्या घरच्या क्रमांकांवरून एकेकीचा माग काढायचा होता. कार्यालयातल्या सात वाढपी बायका हंगाम नसल्याने घरीच होत्या. मुकुंदरावांनी त्यांना रोजावर बोलावलं आणि स्वतः फळ्यावर आकडा लिहायला बसले. पहिल्या तासात चार. दुसऱ्या तासात अकरा. मग एका बाईने आपल्या वर्गाच्या गटावर निरोप टाकला आणि फोन उलटे येऊ लागले.

पदवीच्या यादीतली स्मिता दिगंबर पेठकर आता ऋजुता पराग मांडके होती आणि तळेगावच्या एका ट्रॅक्टर कंपनीसाठी ब्राझीलचे करार बघत होती.

“यंत्र भाषांतर करतं, उत्तम करतं,” ती शर्वीला म्हणाली. “पण करारावर ‘हे बरोबर आहे’ म्हणून सही लागते. ती मी करते. चुकलं तर कोणाला धरायचं ते ठरलेलं असतं. त्या धरल्या जाण्याचाच पगार आहे मला.”

“किती, विचारू का?”

तिने आकडा सांगितला. शर्वीने तो कागदावर लिहिला. मुकुंदरावांनी डोकावून पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

“महिन्याला?” त्यांनी हळूच विचारलं.

“महिन्याला, काका,” फोनमधून उत्तर आलं.

सगळेच फोन असे नव्हते. वाढपी सुमनबाईंनी एक फोन बराच वेळ कानाशी धरून ठेवला आणि मग शर्वीला सांगितलं, “ही म्हणते, सासरी नको म्हणाले. पोर्तुगीजची पुस्तकं माळ्यावर टाकली. लिहू का?”

“लिहा, मावशी. तेही लिहायचंय.”

शुक्रवारी रात्री फळ्यावर एकशे शेहेचाळीस होते. शनिवारी दुपारी दोन वाजता एकशे ब्याण्णव. मग पाऊण तास एकही फोन लागला नाही. मुकुंदराव खडू हातात घेऊन उभेच होते. दोन पन्नासला माद्रिद, मडगाव आणि मालेगाव इथून लागोपाठ संमती आल्या. तीन वाजून सहा मिनिटांनी दोनशेवी आली आणि सुमनबाईंनी जेवणाची घंटा वाजवली.

सदाफुले सुट्टी असून कचेरीत थांबले होते. त्यांनी फोन चालूच ठेवला. दोनशे उदाहरणांतून पारख शिकत होती: लग्नाच्या महिन्यात तुटलेला धागा, तीच जन्मतारीख, वर्षभरात दुसऱ्या गावी सुरू झालेला नवा. मग ती मागे वळली आणि तेहतीस लाख तुटलेले धागे पुन्हा तपासू लागली. या एकाच पदवीचे नाहीत, सगळ्या पदव्यांचे. हरवलेल्या बायका एकेक करून हिशेबात परत येत होत्या.

चार वाजून नऊ मिनिटांनी आकडा आला. ०.९४.

मुकुंदरावांनी खडू खाली ठेवला. रोहिणीने शर्वीच्या पाठीवर हात ठेवला.

“सदाफुलेसाहेब,” मुकुंदराव म्हणाले, “सहा पैशांसाठी अडवणार का तुम्ही पोरीला?”

“पूर्ण वाचा, टिळेसाहेब. खाली आता दोन गट पडलेत. लग्नानंतर ज्यांचं काम चालू राहिलं, त्यांचा आकडा एक पॉइंट त्रेचाळीस. ज्यांचं थांबवलं गेलं, त्यांचा शून्य पॉइंट एकोणतीस. एकत्र सरासरी चौऱ्याण्णव. आत्तापर्यंत यंत्र म्हणत होतं की पदवी तुटीची आहे. आता म्हणतंय पदवी भक्कम आहे, तूट घरात आहे.”

“मग करायचं काय?”

“दहा पैशांपर्यंतची तूट जामीनदार भरून देऊ शकतो, पण ज्या कारणाने तूट आहे त्याच कारणाची हमी द्यावी लागते. लग्नामुळे मुलीचं काम वर्षाहून जास्त थांबलं, तर त्या काळाचे हप्ते तुम्ही भरायचे. पंधरा वर्षं.”

हमीपत्र पडद्यावर आलं. मुकुंदरावांनी ते दोनदा वाचलं. शर्वीला चोविसाव्या वर्षी याच कार्यालयात बोहल्यावर उभं करायचं, हे ते गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत आले होते. सव्वीस वर्षांत त्यांनी चार हजारांवर लग्नं लावून दिली होती. त्यातल्या प्रत्येक नवरीला दुसऱ्या दिवशी कुठे जायचं होतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“म्हणजे जावई बघताना हा कागद मला सोबत ठेवावा लागणार,” ते म्हणाले.

“मी ठेवीन, पप्पा. बघणार मी आहे.”

“तू बघ. पण हप्ते मी भरायचेत, तर एखादा प्रश्न मी विचारणारच.”

“एकच हं,” रोहिणी म्हणाली.

चार वाजून बावीस मिनिटांनी त्यांनी सही केली. तेवढ्यात कार्यालयाचा फोन वाजला. निफाडची एक पार्टी होती, डिसेंबरची तारीख हवी होती. मुकुंदरावांनी नोंदवही ओढली. किती पानं, किती खोल्या, मांडव आपला की बाहेरचा, सगळं नेहमीप्रमाणे लिहून घेतलं. मग पेन थांबलं.

“मुलगी नोकरी करते का?” त्यांनी विचारलं. “आणि लग्नानंतर करणार आहे ना?”

पलीकडून काही तरी तिखट आलं असावं, कारण मुकुंदरावांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

“नाही हो, हॉलच देतोय, सोयरीक नाही जुळवत. पण तुमच्याकडे कोणी विचारलंय का तिला? नसेल तर विचारून घ्या. तारीख तोवर राखून ठेवतो.”

चार एकावन्नला मंजुरी आली. शर्वीने ती विद्यापीठाला पाठवली आणि पोच येईपर्यंत पडद्यासमोरून हलली नाही. चार वाजून त्रेपन्न मिनिटं. जागा क्रमांक सात, निश्चित. ती आईच्या गळ्यात पडली, मग सुमनबाईंच्या, मग उरलेल्या सहाजणींच्या.

मुकुंदराव अजून फोनवरच होते. निफाडची पार्टी मुलीला बोलवायला आत गेली होती.